बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं 'आवक' टेबल करप्ट झालंय, डेटा परत कसा काढू?

शीतगृह_सांगली

नमस्कार मंडळी. सांगली-तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघतो. काल रात्री वाऱ्यापावसात लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली आणि सर्व्हरचा पीसी धाडकन बंद पडला. सकाळपासून मायएसक्यूएलची (डेटाबेसच्या प्रोग्रामची) सर्व्हिस सुरू होते. खातेदार, जावक, दलाल ही टेबलं नीट उघडतात. पण 'आवक'ला हात लावला की सर्व्हिस जागच्या जागी बंद. एरर लॉगमध्ये 'डेटाबेस पेज करप्शन ऑन डिस्क ऑर अ फेल्ड फाइल रीड' असं येतं आणि पुढे पेजचा (फाइलमधल्या एका तुकड्याचा) नंबर.

'रिपेअर टेबल' देऊन पाहिलं. हे स्टोरेज इंजिन रिपेअर सपोर्ट करत नाही, असं उत्तर आलं.

व्हर्जन ५.७, विंडोज १०, स्टोरेज इंजिन (टेबल डिस्कवर साठवणारा भाग) इनोडीबी, प्रत्येक टेबलची फाइल वेगळी. बॅकअप आहे, पण मार्चअखेरचा. सॉफ्टवेअर बसवून दिलेल्या माणसाने रोजचा बॅकअप लावून दिलाय असं सांगितलं होतं. आज फोल्डर उघडलं तर आत एप्रिलपासून नुसत्या शून्य केबीच्या फायली. त्याचा फोन लागत नाही.

कुठल्या शेतकऱ्याचे किती बॉक्स, कुठल्या चेंबरमध्ये, कुठला लॉट, हे सगळं 'आवक'मध्येच असतं. बॅकअपनंतरच्या काळात तर आवकेचा जोर होता. उद्या कोणी माल सोडवायला आला तर चेंबरमध्ये जाऊन काय शोधायचं? यातून कोणी गेलं असेल तर कृपया पायरीपायरीने सांगा. मालक शेजारीच बसलेत.

पुण्यातला_डीबीए

आधी जे काही करताय ते थांबवा. सर्व्हिस बंद करा आणि पूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. नुसती 'आवक'ची फाइल नको. आयबीडेटा१ (इनोडीबीची सामायिक फाइल), दोन्ही आयबी_लॉगफाइल, सगळे सबफोल्डर आणि माय डॉट आयएनआय (सेटिंगची फाइल), सगळं घ्या. सर्व्हिस चालू असताना केलेली कॉपी कॉपी म्हणून धरायची नाही.

यापुढचा प्रत्येक प्रयोग त्या कॉपीच्या कॉपीवर, दुसऱ्या पीसीवर, हेच व्हर्जन टाकून. मूळ फोल्डरला हात नाही.

इंटरनेटवर 'लॉगफाइल डिलीट करा, लगेच सुरू होतं' असा सल्ला जागोजागी मिळेल. कृपया ऐकू नका. बंद पडण्याआधी अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायला जे लागतं ते त्याच फायलींत असतं.

टेबलखुर्ची

रोज बॅकअप घेत चला हो.

कृष्णामाई

@टेबलखुर्ची, बॅकअप लावलेला होता असं त्यांनी वर लिहिलंय. आत्ता माणूस अडचणीत आहे, आधी वाट दाखवू या.

मिरजमळा

कॉपी करताना एखाद्या फाइलवर अडकतंय का ते बघा. डीबीएसाहेब म्हणतात ते बरोबर आहे, पण त्याच्याही आधी डिस्क ठीक आहे का हे कळायला हवं. एरर लॉगच्या त्या ओळीत 'करप्शन' किंवा 'फेल्ड रीड' अशा दोन शक्यता आहेत. डिस्कवर बॅड सेक्टर असतील तर डेटाबेसचा काही दोष नाही. डिस्कच वाचून देत नाहीये.

तसं असेल तर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टीम सरळ करायच्या नादात तुमच्या फाइलचे तुकडे इकडेतिकडे करू शकतं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून पीसी सुरू करा आणि डीडीरेस्क्यू वापरून आख्ख्या डिस्कची प्रतिमा काढा. ते आधी चांगला भाग उचलतं, वाईट जागा बाजूला ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा येतं. मरायला टेकलेल्या डिस्ककडून हाच क्रम उपयोगी पडतो.

पलूसचा_पोरगा

दादा टेन्शन घ्यायचं न्हाई. बॉक्स हायती न्हवं चेंबरात? माल कुठं पळून जात न्हाई. आमच्या गावातली निम्मी माणसं बॉक्सवर मार्करनं नाव लिहूनच पाठवत्यात.

शीतगृह_सांगली

सर्वांचे आभार. कॉपी पूर्ण झाली, कुठे अडकली नाही. डिस्कचं स्मार्ट रीडिंगही (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्वच्छ दिसतंय, रीॲलोकेटेड सेक्टर शून्य. म्हणजे डिस्क शाबूत आहे असं धरतो.

@पलूसचा_पोरगा, नावं असतात हो, पण एका नावाचे तीन-तीन लॉट तीन चेंबरमध्ये असतात. रंग आणि साइजप्रमाणे भाव वेगळा, त्यामुळे लॉट चुकून चालत नाही.

पुण्यातला_डीबीए

छान. डिस्क ठीक असेल तर आता फोर्स रिकव्हरी. माय डॉट आयएनआयमध्ये मायएसक्यूएलडीच्या भागात 'इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी = १' अशी ओळ टाकून सर्व्हिस सुरू करा. हे आकडे १ ते ६ पर्यंत जातात. १ वर सर्व्हर खराब पेज दिसलं तरी बंद न पडता पुढे जायचा प्रयत्न करतो. २ वर मागे चालणारी साफसफाई थांबते, ३ वर अर्धवट व्यवहार मागे फिरवले जात नाहीत. इथपर्यंत तुलनेने सुरक्षित. ४ पासून पुढे मात्र डेटा फायलीच कायमच्या बिघडू शकतात, म्हणून तिथे जायचं तर फक्त कॉपीवर आणि नाइलाज झाला तरच. ६ वर तर लॉगमधली दुरुस्तीसुद्धा लावली जात नाही.

तुमची सर्व्हिस सुरू होतेय, फक्त एका टेबलवर पडतेय. १ पुरेसा व्हावा. हा आकडा शून्याच्या वर असताना नवीन नोंदी घेता येत नाहीत, ते बरंच आहे. या अवस्थेतून फक्त वाचून घ्यायचं आणि बाहेर पडायचं.

अजिंक्यतारा

म्हणूनच मी अजून मायआयसॅम हे जुनं इंजिन वापरतो. टेबल बिघडलं की 'रिपेअर टेबल', दोन मिनिटांत कामाला लागलो. इनोडीबीने नुसती गुंतागुंत वाढवली आहे. साताऱ्यात आमच्या तीन क्लायंटकडे वर्षानुवर्षं मायआयसॅम आहे, कधी असं बसून राहावं लागलं नाही.

पुण्यातला_डीबीए

@अजिंक्यतारा, याला माझा ठाम विरोध. मायआयसॅमला रिपेअर द्यावं लागतं, कारण लाइट गेली की ते बिघडणं ठरलेलंच असतं. त्याला व्यवहाराचा लॉगच नाही. रिपेअर पुन्हा इंडेक्स बांधतं, आणि मधली एखादी नोंद वाचता आली नाही तर ती गाळून पुढे जातं. शेवटी 'ओके' येतं आणि दहा नोंदी कमी झाल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. २०१० साली ५.५ आलं तेव्हापासून इनोडीबी डिफॉल्ट आहे, ते उगाच नाही.

अजिंक्यतारा

नोंदी कमी झाल्या की नाही ते रिपेअरनंतर मोजून बघायचं. आम्ही बघतो. आणि पावत्यांचं एक साधं टेबल आहे, बँकेचं कोअर बँकिंग नव्हे.

विश्रामबागकरीण

@अजिंक्यतारा, मोजणार कशाशी? आधीचा आकडा लिहून ठेवलेला असेल तरच. तो किती जण लिहून ठेवतात?

जुनाफॉक्सप्रो

धागा वाचून राहवलं नाही. १९९० च्या दशकात साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस प्रोग्राम होता. एके दिवशी ठेवींचं टेबल उघडेना, आणि उघडलं तेव्हा शेवटच्या काही आठवड्यांच्या नोंदी गायब. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. फाइलचा आकार बघितला तर मात्र कमी झालेला नव्हता.

डॉट डीबीएफ (फॉक्सप्रोच्या टेबलच्या) फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं, पहिले ३२ बाइट आणि मग रकान्यांची यादी. त्यात चौथ्या ते सातव्या बाइटमध्ये एकूण नोंदींची संख्या असते, पहिला बाइट शून्य धरून. मशीन मध्येच बंद पडलं की नोंदी लिहिलेल्या असतात, पण हा आकडा वाढवायचा राहून जातो. प्रोग्राम आकड्यावर विश्वास ठेवतो आणि तिथेच थांबतो. फाइलच्या आकारातून हेडर वजा केलं, एका नोंदीच्या लांबीने भागलं, खरी संख्या आली. हेक्स एडिटरमध्ये तो आकडा दुरुस्त केला आणि सगळ्या ठेवी परत दिसू लागल्या.

तसंच डिलीट केलेल्या नोंदींचं. तिथे नोंदीच्या पहिल्या बाइटला फक्त चांदणी लागते. 'पॅक' करेपर्यंत मजकूर तिथेच असतो. कित्येक जणांनी घाबरून आधी 'पॅक' केलं आणि हातचं घालवलं.

मिरजमळा

काका, भारी! पण इनोडीबीत असं हाताने नाही करता येणार, प्रत्येक पेजला चेकसम (तपासणीचा आकडा) असतो.

जुनाफॉक्सप्रो

मान्य. हाताने करा असं सांगत नाहीये. टेबल उघडत नाही म्हणजे नोंदी गेल्या असं नसतं, एवढं धागाकर्त्याने मनाशी धरावं म्हणून लिहिलं. कुठल्याही इंजिनात वाचणारा थांबतो एका जागी, आणि डेटा त्याच्या अलीकडेही असतो, पलीकडेही.

शीतगृह_सांगली

काका, धीर आला खरंच.

फोर्स रिकव्हरी १ वर सर्व्हर उभा राहिला. पण मायएसक्यूएलडंप (सगळा डेटा फाइलमध्ये काढणारं टूल) चालवला की निम्म्यात 'लॉस्ट कनेक्शन' येऊन पडतो. २ आणि ३ वरही तेच. ४ करू का?

पुण्यातला_डीबीए

नको! ४ ने या प्रश्नात काही फरक पडणार नाही. खराब पेज खराबच राहणार.

डंप आख्खं टेबल एका दमात वाचतो, म्हणून वाईट जागेवर येऊन पडतो. तुम्ही तुकड्यांनी वाचा. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आवक क्रमांकच आहे ना? इनोडीबीत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवलेलं असतं, त्यामुळे खराब पेज म्हणजे सलग क्रमांकांचा एक पट्टा. आधी लहान क्रमांकांपासून हजार-हजार नोंदी 'इनटू आउटफाइल'ने फाइलमध्ये काढा. जिथे पडेल तिथे थांबा. मग 'ऑर्डर बाय आवक_क्र डिसेंडिंग' लावून उलट्या टोकाकडून खाली या. पुन्हा पडेल तिथे थांबा. मधला पट्टा उरेल, तो निम्मा-निम्मा करत अरुंद करा. प्रत्येक वेळी सर्व्हिस पडेल, पुन्हा सुरू करायची. कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेक सगळं बाहेर येतं.

किती जाईल याचा अंदाजही देतो. इनोडीबीचं पेज १६ केबीचं असतं. तुमची एक नोंद साधारण २०० बाइटची धरली तर एका पेजमध्ये पाऊणशेच्या आसपास नोंदी. एक पेज गेलं म्हणजे तेवढ्या पावत्या.

नेमकी किती पेज खराब आहेत ते सर्व्हिस बंद ठेवून 'इनोचेकसम' या टूलने बघा. ५.७ मध्ये ते पहिल्याच चुकीच्या पेजवर थांबतं, म्हणून 'अलाउ मिसमॅचेस'ला मोठा आकडा द्या, म्हणजे सगळी यादी मिळेल.

हरिपूररोड

या निमित्ताने एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. आमच्या ओळखीच्या एका पेढीचा सर्व्हर तळमजल्यावर, आणि बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही पाण्याखाली. पाणी उतरल्यावर त्यांच्या पोरांनी डिस्क उन्हात वाळवली आणि लावून बघितली. आत गाळ असताना प्लेट फिरली की काय होणार? सगळी घासली गेली. भिजलेली डिस्क सुरू करायची नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, तशीच पिशवीत बंद करून लॅबमध्ये द्यायची. सांगलीतल्या माणसाला हे पाठ असायला हवं.

कृष्णामाई

अगदी. आमच्याकडे २०१९ नंतर बॅकअपची एक प्रत विश्रामबागेत काकांच्या दुसऱ्या मजल्यावर असते. पाणी चढायला लागलं की माणसं वर हलतात, मग डेटा आधीच वर असलेला काय वाईट?

हरिपूररोड

२००५ च्या पुरात आमच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) पाणी शिरलं, हळद सडली. त्या वेळी कोणाची किती पोती कुठल्या पेवात हे ठरवायला कागदच उपयोगी पडले होते. तुमच्याकडेही कुठेतरी कागद असणारच, शोधा.

विश्रामबागकरीण

डीबीएसाहेबांच्या पट्ट्याच्या युक्तीला पुढे एक जोड देते, ती फार कमी जणांना सुचते.

इनोडीबीत प्रत्येक दुय्यम इंडेक्स (दुसऱ्या रकान्यावरून शोधायची सूची) वेगळा साठवलेला असतो, वेगळ्या पेजवर. त्यात इंडेक्सचा रकाना आणि सोबत प्रायमरी की असते. म्हणजे मुख्य टेबलचं पेज खराब झालं तरी त्याच नोंदींचा थोडा भाग इंडेक्समध्ये सुखरूप असतो. शीतगृहदादा, 'आवक'वर कुठले इंडेक्स आहेत?

समजा खाते क्रमांकावर आहे. तर 'सिलेक्ट आवक_क्र, खाते_क्र फ्रॉम आवक फोर्स इंडेक्स' करून त्या इंडेक्सचं नाव द्या. फक्त हेच दोन रकाने मागायचे. तिसरा मागितलात की सर्व्हर मुख्य टेबलकडे जाणार आणि पडणार. आधी 'एक्सप्लेन' लावून 'युझिंग इंडेक्स' येतंय का पाहा, म्हणजे खात्री होईल. सेशनला 'रीड अनकमिटेड' लावून ठेवा, मग एखादी नोंद कोणत्या व्यवहारातली हे तपासायलाही तो मुख्य टेबलकडे जाणार नाही.

मिरजमळा

ताई, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

पुण्यातला_डीबीए

+१. उत्तम. मीच लिहायला हवं होतं.

शीतगृह_सांगली

ताई, तीन इंडेक्स आहेत! एक खाते क्रमांकावर, एक तारखेवर आणि एक चेंबर व लॉट मिळून. म्हणजे गेलेल्या नोंदींचं खातं, तारीख, चेंबर, लॉट एवढं सगळं मिळेल? मग फक्त बॉक्स आणि वजन राहतं.

इनोचेकसमने दोन पेज खराब दाखवली, फक्त दोन. दीडशेच्या आसपास पावत्या. सकाळी मला वाटत होतं सगळा हंगाम गेला.

पलूसचा_पोरगा

बॉक्स आणि वजनासाठी काट्यावर जावा की. गाडी आली की काटापट्टी होतीयाच. आन् हमालांच्या टोळीची वही असती, त्यात गाडीवार बॉक्स लिहिल्यालं असत्यात, कारण हमाली बॉक्सवर मिळती. हमाल एक बॉक्स बी चुकू देणार न्हाई.

शीतगृह_सांगली

भावा, हे नेमकं सांगितलंस. मुकादमाला आत्ताच फोन लावतो.

वेण्णाकाठ

एक मूळचा प्रश्न राहून गेला. इनोडीबीत डबलराइट बफर असतो. पेज आधी कच्च्या वहीत लिहून मग पक्क्या खात्यावर चढवतात तसं, अर्धं लिहिलेलं राहिलं तर कच्च्यावरून पुन्हा लिहिता यावं म्हणून. नुसती लाइट गेल्याने पेज करप्ट होता कामा नये. मग झालं कसं? हे कळलं नाही तर पुढच्या पावसात पुन्हा होईल.

अजिंक्यतारा

यात मी इनोडीबीच्या बाजूने बोलतो, नवल वाटेल. बहुतेक वेळा डिस्क खोटं बोलते. लिहिलं म्हणून सांगते आणि असतं तिच्या कॅशमध्ये. विंडोजमध्ये डिस्कच्या पॉलिसीत राइट कॅशखाली दुसरी खूण असते, बफर फ्लशिंग बंद करायची. वेग वाढतो म्हणून कोणीतरी ती लावून ठेवतं. मग डेटाबेसने कितीही 'आता लिही' म्हटलं तरी उपयोग नाही. ती लावलीय का बघा. सोबत रॅमही तपासा, मेमटेस्ट रात्रभर चालवून. खराब रॅममुळे पेज लिहिण्याआधीच बिघडलेलं असू शकतं.

मिरजमळा

माय डॉट आयएनआयमध्ये 'फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट' २ केलेलं असेल, त्यानेही होतं.

वेण्णाकाठ

नाही, त्याने पेज करप्ट होत नाही. २ असताना लाइट गेली तर शेवटच्या साधारण सेकंदाभरातले व्यवहार जातात, एवढंच. तेही आवकेच्या टेबलला नकोच, १ ठेवा. पण दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

टेबलखुर्ची

अँटीव्हायरस? मायएसक्यूएलचं डेटा फोल्डर त्याच्या स्कॅनमधून वगळायला हवं. लिहितानाच फाइल धरून ठेवली की घोळ होतो.

शीतगृह_सांगली

@अजिंक्यतारा, तुमचं निदान बरोबर. ती दुसरी खूण लावलेली होती. काढली. डबलराइट चालूच होतं. रॅमवर मेमटेस्ट चालवला, काही निघालं नाही. अँटीव्हायरसमधून फोल्डर वगळलं. यूपीएसची बॅटरी उद्या बदलतोय.

शून्य केबीच्या बॅकअपचं कारणही सापडलं. एप्रिलमध्ये त्या माणसाने डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि बॅकअपच्या बॅच फाइलमध्ये जुनाच राहिला. मायएसक्यूएलडंप आत शिरू शकत नव्हता, पण फाइल मात्र रोज तयार होत होती. टास्क शेड्यूलरमध्ये रोज 'यशस्वी' दिसत होतं.

कृष्णामाई

म्हणजे फाइल आहे की नाही बघून भागत नाही, आकार बघायला हवा.

विश्रामबागकरीण

आकारही पुरेसा नाही. डंपच्या शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आलंय का बघायचं, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या पीसीवर प्रत्यक्ष चढवून 'आवक'ची शेवटची पावती दिसते का ते बघायचं. यात तडजोड नको.

अर्धीफाइल

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे पीसी फॉरमॅट झालाय, फक्त टेबलची डॉट आयबीडी (डेटाची) आणि डॉट एफआरएम (रचनेची) फाइल पेन ड्राइव्हवर आहे. आयबीडेटा१ नाही. काही आशा?

पुण्यातला_डीबीए

@अर्धीफाइल, आहे. नवीन ५.७ वर अगदी त्याच रचनेचं रिकामं टेबल बनवा. रचना डॉट एफआरएममधून काढता येते. मग 'आल्टर टेबल डिस्कार्ड टेबलस्पेस', तुमची डॉट आयबीडी त्या जागी ठेवा, 'आल्टर टेबल इम्पोर्ट टेबलस्पेस'. 'स्कीमा मिसमॅच' आला तर घाबरू नका, बहुधा रो फॉरमॅट वेगळा असतो. ५.७.९ पासून डिफॉल्ट डायनॅमिक आहे, त्याआधी कॉम्पॅक्ट होता. टेबल जुनं असेल तर बनवताना 'रो_फॉरमॅट = कॉम्पॅक्ट' द्या. ८.० मध्ये डॉट एफआरएम नसते, तिथे रचना डॉट आयबीडीच्या आतच असते आणि 'आयबीडी२एसडीआय'ने वाचता येते. अडलं तर वेगळा धागा काढा.

अर्धीफाइल

कॉम्पॅक्ट दिलं आणि लागलं!! देव भलं करो.

शीतगृह_सांगली

थोडा वेळ गायब होतो, कामात होतो. कसं कसं झालं ते लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

दोन्ही टोकांकडून हजार-हजारचे तुकडे काढले. खराब जागा दोन होत्या, एकमेकींपासून लांब, त्यामुळे मधला मोठा पट्टा चांगला असूनही आधी हाती लागेना. दोघींच्या मधला एखादा क्रमांक धरून तिथून दोन्ही बाजूंना वाचत गेलो तेव्हा तो सुटला. मग तिन्ही इंडेक्समधून तीन याद्या काढल्या आणि आवक क्रमांकावर जोडल्या. गेलेल्या प्रत्येक पावतीचं खातं, तारीख, चेंबर, लॉट मिळालं. एकही सुटली नाही.

बॉक्ससाठी मुकादमाने वही आणून दिली. लांबट, पुठ्ठ्याची, हळदीच्या बोटांचे डाग पडलेली, कारण टोळी यार्डात हळदीच्या गाड्याही भरते. प्रत्येक गाडीसमोर बॉक्सचा आकडा आणि खाली पाच-पाचच्या रेघा. काटापट्ट्यांचं निव्वळ वजन भागिले एका बॉक्सचे १५ किलो आणि वहीतले बॉक्स यांचा ताळा लावत गेलो. तीन गाड्या सोडल्या तर सगळ्या जुळल्या. त्या तीन गाड्यांत दोन-दोन शेतकऱ्यांचा माल होता, त्यासाठी चेंबरमध्ये जाऊन बॉक्स मोजले. पलूसच्या पोराने सांगितलेली मार्करची नावं तिथे कामाला आली.

आता नवीन इन्स्टॉल केलेल्या सर्व्हरवर सगळं चढवायचंय. एक अडचण आहे. डंपमधून आलेल्या खातेदारांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन आली आहेत. आणि दलाल टेबलमधली जुनी नावं तर 'कंसातला डॉलर, टिल्डा' अशी काहीतरी दिसतात. ते टेबलही करप्ट आहे का?

विश्रामबागकरीण

दादा, दोन्ही वेगवेगळी कारणं आहेत, आणि दोन्ही ठिकाणी डेटा शाबूत आहे.

प्रश्नचिन्हं डंपच्या वेळच्या कॅरेक्टर सेटमुळे. पुन्हा डंप घ्या, 'डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट = यूटीएफ८एमबी४' देऊन. पॉवरशेलमधून बाणाच्या खुणेने फाइलमध्ये ढकलू नका, ते यूटीएफ-१६ करून टाकतं आणि तो डंप परत चढत नाही. 'रिझल्ट-फाइल' हा पर्याय द्या. मूळ कॉपी जपून ठेवलीय म्हणून हे पुन्हा करता येतंय.

दलालांची जुनी नावं बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्यात देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. तो फॉन्ट लावला की नावं दिसतील. नंतर सवडीने कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणा. आज त्याला हात लावू नका.

जुनाफॉक्सप्रो

बरोबर. पतसंस्थांत अजून असे ढीगभर डेटाबेस आहेत. लोक करप्ट समजून टाकून देतात, जीव तुटतो.

शीतगृह_सांगली

नावं आली! अगदी काना-मात्रेसकट. दलालांचीही, फॉन्ट टाकल्यावर.

पुण्यातला_डीबीए

अभिनंदन. नवीन सर्व्हरवर फोर्स रिकव्हरीची ओळ नाही ना, ते बघा. जुना डेटा फोल्डर निदान हंगाम संपेपर्यंत ठेवा. आणि ५.७ मध्ये बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) आपणहून चालू नसतो, तो चालू करा, शक्यतो वेगळ्या डिस्कवर. मग पुढच्या वेळी रात्रीचा बॅकअप आणि त्यानंतरचा लॉग मिळून अगदी शेवटच्या पावतीपर्यंत येता येईल.

वेण्णाकाठ

चढवण्याआधी अजून एक. सर्व्हर बंद होता तेव्हा पावत्या हाताने दिल्यात का? नंबर कुठून घातले?

शीतगृह_सांगली

हो, जुन्या पावती पुस्तकावर. शेवटच्या छापील पावतीच्या पुढचेच नंबर हाताने घातलेत. का?

वेण्णाकाठ

कारण ५.७ मध्ये ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) पुढचा आकडा फक्त मेमरीत असतो. सर्व्हर सुरू झाला की टेबलमधला सगळ्यात मोठा क्रमांक अधिक एक, असं तो पुन्हा ठरवतो. ८.० पासून तो लिहून ठेवला जातो, तुमच्याकडे नाही. हातपावत्या चढवण्याआधी कोणी गेटवर नवीन पावती केली तर तिला शेतकऱ्याच्या हातात आधीच असलेला नंबर मिळेल. म्हणून आधी हातपावत्या त्यांच्याच नंबरने चढवा, त्यातला सगळ्यात मोठा नंबर बघा, मग 'आल्टर टेबल आवक ऑटो_इन्क्रिमेंट' त्याच्या पुढचा द्या आणि मगच गेटचा कॉम्प्युटर जोडा.

शीतगृह_सांगली

गेटचा कॉम्प्युटर अजून जोडलेला नाही, बरं झालं. हातपावत्या आत्ताच चढवायला बसतोय. एक चेंबर मोजायचा राहिलाय, तेवढा ताळा लागला की उद्या सकाळपासून माल सोडायला सुरुवात. मालकांनी तुम्हा सगळ्यांना बेदाणा पाठवायला सांगितलाय. सांगली, मिरजेत असाल त्यांनी व्यक्तिगत निरोप टाका, पोरगा पोचवून जाईल.

पलूसचा_पोरगा

पलूसला बी पाठवा की.